भाऊबिजेला वीस माणसं आणि जेवणाआधीचं खाणं

प्रश्न थोडक्यात असा : भाऊबिजेला संध्याकाळी माहेरची-सासरची मिळून अठरा-वीस माणसं घरी येणार आहेत. नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, फ्लॅटचं स्वयंपाकघर दोन माणसं उभी राहिली की भरणारं. रात्रीचं जेवण बाहेरून सांगितलेलं आहे, पण जेवण येईपर्यंत दीड-दोन तास समोर काय ठेवायचं? नुसता फराळ नको, कारण चार दिवस सगळ्यांनी तोच खाल्लेला असतो. आणि स्वयंपाकघरात अडकून पडायचं नाही.

मी डोंबिवलीत बावीस वर्षं घरगुती ऑर्डरी करते. बारसं, डोहाळेजेवण, साखरपुडा, सत्यनारायण, आणि दिवाळीत फराळाशिवाय हीच छोटी छोटी संध्याकाळची खाणी. तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते.

माझी आई भाऊबिजेला कधी मामाशेजारी बसलेली मला आठवत नाही. ओवाळायला बाहेर यायची, तबक खाली ठेवायची आणि लगेच आत. कढईत वडे असायचे. मामा जेवून निघताना उंबऱ्यात उभ्या उभ्या दोघांचं जे काय बोलणं व्हायचं, तेवढंच. ज्या बहिणीसाठी हा सण आहे तिनेच तो ओट्यापाशी काढायचा, हे मला तेव्हाही पटत नव्हतं आणि आता तर मुळीच पटत नाही. म्हणून पदार्थ निवडताना मी चवीच्या आधी एक प्रश्न विचारते : पाहुणे दारात आल्यानंतर या पदार्थाला माझा किती वेळ लागणार? उत्तर दहा मिनिटांपेक्षा जास्त असेल तर तो पदार्थ कितीही आवडता असो, त्या दिवशी नको.

या एका प्रश्नात बरेच पदार्थ गळतात. साबुदाणा वडे पहिले. साबुदाणा नीट भिजला नाही किंवा आत पाणी राहिलं की वडा तेलात फुटतो आणि तेल अंगावर येतं. जरीची साडी नेसून, घरभर लहान मुलं पळत असताना ते काम करूच नये. बटाटेवडे आणि भजी गरम असतानाच चांगली लागतात, म्हणजे वीस माणसांसाठी तास-सव्वा तास सलग तळणं आलं. बंद फ्लॅटमध्ये तेवढं तळण झालं की तेलाचा धूर बाहेरच्या खोलीपर्यंत जातो, तो वेगळाच. पनीरच्या काड्या लोक हौसेने ठरवतात, पण गार झालेलं पनीर चिवट होतं आणि उरतं. आणि फोनवर कालच पाहिलेला कुठलाही नवा पदार्थ वीस माणसांसाठी पहिल्यांदा करायचा नाही. सुरळीच्या वड्यांचंही मी तेच म्हणेन. हात बसलेला असेल तर त्यांच्यासारखा सोयीचा पदार्थ नाही : दुपारी करून ठेवा, संध्याकाळी वरून फोडणी आणि खोबरं. पण पीठ किती शिजलं की ताटावर पसरायचं हे डोळ्याला कळायला चार-पाच वेळा चुकावं लागतं. त्या चुका भाऊबिजेला नकोत.

मी काय करीन ते सांगते : एक गरम वडी, एक गार आणि आंबटगोड, एक मऊसर, फराळातलंच एक कोरडं, आणि प्यायला टोमॅटोचं सार. एवढं पुरे. पाच पदार्थांची सहा-सात करायला जाऊ नका. पाहुण्यांना सातवा पदार्थ आठवत नाही, तुमची कंबर मात्र तो आठवून देते.

गरम वडी म्हणजे कोथिंबीर वडी, आणि हिच्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण अख्खी संध्याकाळ हिच्यावर उभी आहे. हिचं मोठं काम, म्हणजे उकडणं, दोन दिवस आधी उरकतं आणि शेवटी फक्त तळण राहतं. वीस माणसांना जेवणाआधी माणशी तीन वड्या धरा, म्हणजे साठ. त्यासाठी दोन मोठ्या जुड्या. निवडून, धुऊन, पंचावर पसरून पूर्ण कोरडी करून मग बारीक चिरा. न दाबता मोजली तर सहा-सात वाट्या होते. आता सगळ्यात जास्त जिथे बिघडतं ती जागा : पाणी. चिरलेल्या कोथिंबिरीला आधी मीठ, हळद, हिंग, आलं-मिरचीचा ठेचा, तीळ, थोडं जिरं, चमचाभर साखर लावून दहा मिनिटं तशीच ठेवा. मिठाने तिला पाणी सुटतं. मग त्यात तीन वाट्या बेसन आणि पाव वाटी तांदळाचं पीठ थोडं थोडं घाला. बहुतेक वेळा वेगळं पाणी लागतच नाही, लागलं तर चमच्याने. गोळा थालीपिठाच्या पिठाइतका घट्ट हवा. सैल झाला की उंडे चाळणीत पसरतात, वड्या आतून गिचगिचीत राहतात आणि मग तेल पितात. वास बेसनाचा नाही, कोथिंबिरीचा यायला हवा. बेसन वाढवून वड्या वाढवायचा मोह होतो, तो आवरा.

हाताला तेल लावून चार उंडे वळा, वीतभर लांब, दोन बोटं जाड. तेल लावलेल्या चाळणीत ठेवून वीस मिनिटं उकडा. सुरी खुपसून पाहा, कोरडी बाहेर आली की झालं. आणि मग कापू नका. गरम उंडा कापला की चुरा होतो. पूर्ण निवू द्या, पातळ कापडात गुंडाळून डब्यात घाला आणि फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी गार उंड्याच्या वड्या अशा सुबक पडतात की एकही तुकडा वाया जात नाही. तीन दिवस तो बिनधोक राहतो. पाडव्याला सकाळी उकडलं तर भाऊबिजेला वेळेवर होतं. कोथिंबीर मात्र लक्ष्मीपूजनाच्या आधीच आणा. आमच्याकडे पाडव्याला भाजीवाले अर्धेच असतात आणि जुडीचा भावही विचारू नये असा. मुळं कापून, न धुता, कागदात गुंडाळून ठेवली की चार दिवस हिरवी राहते.

साठ वड्या एका तव्यावर परतायच्या तर चार घाणे आणि अर्धा तास लागतो, म्हणजे माझा दहा मिनिटांचा नियम मोडला. म्हणून ऑर्डरीला मी करते तसं दोनदा तळा. दुपारी वड्या मध्यम तेलात फिकट होईपर्यंत तळून घ्या, गार करा आणि झाकून फ्रीजमध्ये. संध्याकाळी तेल चांगलं तापवून वीस-वीस वड्या मिनिट-दीड मिनिट सोडा. पहिल्या तळणीत वरचं पाणी निघून जातं, दुसरीत कुरकुरीतपणा येतो, आणि हा कुरकुरीतपणा एकदाच तळलेल्या वडीपेक्षा जास्त वेळ टिकतो. आठ-दहा मिनिटांत साठ वड्या बाहेर. ओव्हन किंवा एअर फ्रायर असेल तर कापलेल्या वड्यांना ब्रशने तेल लावून २०० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. चवीत थोडा फरक पडतो, हे मान्य. पण त्या वेळात तुम्ही बाहेर बसलेल्या असता. माझी एक भाची परदेशात राहते. तिथे तळणाच्या धुराने घरातला गजर वाजतो, म्हणून ती सगळ्या वड्या ओव्हनमध्येच करते आणि मंडळाच्या दिवाळीला शंभर-शंभर नेते.

लसूण वडीत घालू नका. वीस माणसांत एखादं तरी न खाणारं निघतं, आणि सणाच्या दिवशी त्यांनी प्रत्येक ताटलीबद्दल विचारत बसावं हे मला बरं वाटत नाही. लसूण चटणीत असू दे, चटणी वेगळी असते.

कोथिंबीर वडीचा कंटाळा असेल तर अळूवडी. पण पानं निवडणं, शिरा काढणं, चिंच-गूळ घालून पीठ सारवणं हे तुमच्या वेळापत्रकात बसत नाही. उकडलेले तयार उंडे आता घरगुती पदार्थांच्या बऱ्याच दुकानांत मिळतात. ते आणा. विकतचं आणण्यात कमीपणा मानू नका. तो उंडाही कुणा बाईने घरी बसून वळलेला असतो आणि तिचं घर त्यावर चालतं. फक्त आदल्या दिवशी एक वडी परतून खाऊन पाहा. चिंच कमी पडली असेल तर घसा खवखवतो, आणि ते पाहुण्यांसमोर कळायला नको.

गार पदार्थ म्हणजे पुरीवरची मटकी. मटकी सकाळी भिजवा, रात्री उपसून कापडात बांधा, दुसऱ्या संध्याकाळपर्यंत चांगले मोड येतात. दीड वाटी कोरडी मटकी वीस जणांना भरपूर होते, मोड आल्यावर ती दुपटीपेक्षा जास्त फुगते. चाळणीत चार मिनिटं वाफवा, दाताखाली लागली पाहिजे. गार करून फ्रीजमध्ये. देताना काकडी, डाळिंबाचे दाणे, कोथिंबीर, लिंबू, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. मीठ आणि काकडी अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. शेवपुरीच्या चपट्या पुऱ्या विकत आणा, वर चमचाभर मटकी, चिंच-खजुराची चटणी, बारीक शेव. चटणी पंधरा दिवस आधी करून डीप फ्रीजमध्ये ठेवली तरी काही होत नाही, मी तर महिनाभराची करते.

पुऱ्या आधी भरून ठेवायच्या नाहीत, दहा मिनिटांत त्या नरम पडतात. त्यासाठी घरातली आठ ते बारा वर्षांची मुलं कामाला लावा. टेबलाच्या टोकाला मटकीचं भांडं, चटण्या, शेव, पुऱ्या ओळीने मांडून द्या आणि सांगा की हे तुमचं दुकान. मी हे खूप घरांत पाहिलंय, मुलं तासभर तिथून हलत नाहीत आणि आजी-आजोबांना आग्रह करकरून खायला घालतात. फक्त चमचे वेगवेगळे ठेवा आणि हात धुऊन मग बसवा.

मऊसर म्हणजे दडपे पोहे. कोकणातला हा पदार्थ पाहुण्यांसाठी कुणी का करत नाही हे मला कळत नाही. गॅस फक्त फोडणीपुरता लागतो. अर्धा किलो पातळ पोहे चाळून घ्या. मोठ्या पातेल्यात चार बारीक चिरलेले कांदे, एका मोठ्या नारळाचं ओलं खोबरं, दोन-तीन लिंबांचा रस, मीठ, साखर, हिरवी मिरची आणि कोथिंबीर आधी हाताने चांगलं कुस्करून घ्या. मग पोहे घाला, नारळाचं पाणी शिंपडा, हलक्या हाताने मिसळा. वर ताटली, ताटलीवर पाण्याने भरलेला तांब्या. वीस मिनिटं दडपून ठेवायचं, म्हणून तर ते दडपे. मग तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता आणि शेंगदाण्यांची फोडणी. तळलेला पापड खातानाच वर चुरायचा. ज्यांना दातांचा त्रास आहे त्यांनी पापड घेऊ नये, बाकी पोहे सगळ्यांना खाता येतात. चकली-कडबोळ्यांच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांचे फार हाल होतात, ताटातलं निम्मं त्यांना चावतच नाही. त्यांच्यासाठी एक मऊ पदार्थ हवाच.

शेंगदाणे कुणाला चालत नसतील तर ते फोडणीतून वगळून वेगळे तळून वाटीत ठेवा. आणि हे आधी फोन करून विचारा. ‘कुणाला काय चालत नाही?’ हा एक फोन मी प्रत्येक ऑर्डरीला करते. एकदा केला नव्हता. ओल्या खोबऱ्याच्या चटणीत शेंगदाण्याचं कूट होतं, आणि पाहुण्यांतल्या एका मुलाच्या अंगावर गांध्या उठल्या. डॉक्टर जवळ होते, मूल लवकर बरं झालं. पण ती रात्र मी विसरलेली नाही.

कोरडं म्हणजे तुमची फराळाचीच चकली, पण लोण्याबरोबर. घरचं पांढरं लोणी आणि ताजी चकली ही जोडी जुनी आहे, हल्ली ती विसरलीय. लोणी नसेल तर पाव किलो चक्का आणा, त्यात हिरवी चटणी, मीठ आणि चिमूटभर साखर फेटा. चकली मऊ पडली असेल तर ओव्हनमध्ये किंवा जाड तव्यावर मंद आचेवर पाच-सात मिनिटं ठेवा. गरम असताना ती मऊच वाटेल, गार झाली की कुरकुरते. लाडू, करंज्या त्या वेळी टेबलावर मांडूच नका. गोड आधी खाल्लं गेलं की पुढच्या जेवणाची भूक मरते.

सार मी सगळ्यांत आधी देते. ऑक्टोबर-नोव्हेंबरची संध्याकाळ, लोक प्रवास करून येतात, लोकलच्या गर्दीतून, घाटातल्या ट्रॅफिकमधून. हातात गरम काहीतरी पडलं की माणूस सैल होतो. दीड किलो पिकलेले टोमॅटो उकडून, गाळून, त्यात मीठ, गूळ, थोडं लाल तिखट. तुपात जिरं, हिंग, कढीपत्त्याची फोडणी. नारळाचं दूध गॅस बारीक केल्यावर घाला आणि नंतर उकळी येऊ देऊ नका, नाहीतर ते फाटतं. मग सरळ दोन थर्मासमध्ये भरा. थर्मास आधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं तापवून घ्या. आता हे सार कुणीही ओतून देऊ शकतं : नवरा, दीर, शेजारची मुलगी. तुम्ही लागत नाही. छोटे स्टीलचे पेले वापरा, शंभर मिलिलिटर पुरे. शुगर असलेल्यांसाठी गूळ न घातलेलं थोडं बाजूला काढा.

एका गोष्टीत मात्र मी कडक आहे. ओलं खोबरं, चक्का, वाफवलेली मटकी हे सगळं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचंही तेच सांगणं आहे : शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर नको, गार ठेवायचं ते ५ अंशांच्या खाली, गरम ठेवायचं ते ६० अंशांच्या वर. दिवाळीत हवा सुखद वाटते, पण वीस माणसं आणि दिवे लागलेली बंद खोली चांगलीच उबदार असते. म्हणून सगळं एकदम बाहेर मांडू नका. निम्मं फ्रीजमध्ये, लागेल तसं काढा. थोडं थोडं मांडलं की टेबलही शेवटपर्यंत भरलेलं दिसतं.

आता त्या दिवसाचं घड्याळ. मटकी पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी भिजलेली हवी. पाडव्याला सकाळी वड्यांचे उंडे, संध्याकाळी मटकी वाफवणं, चटण्या बाहेर काढणं. भाऊबिजेला दुपारी तीनपर्यंत वड्या कापून पहिलं तळण, चक्का फेटून ठेवणं, कांदा चिरणं, खोबरं खवणून फ्रीजमध्ये. मग ओटा स्वच्छ पुसून थोडं आडवं व्हा, अर्धा तास तरी, हे मी मनापासून सांगते. साडेपाचला सार, सहाला पोहे दडपायला. साडेसहाला माणसं येऊ लागली की सार फिरू दे, टेबलावर चकली आणि पुऱ्यांचं दुकान. सव्वासातला वड्यांचं दुसरं तळण, गॅस बंद, वड्या पेपर पसरलेल्या ताटात, झाकण न घालता. झाकलं की वाफेने नरम होतात. हात धुऊन साडी सारखी करा आणि निरांजन लावा. ओवाळणं झालं की वड्यांचं ताट आणि पोह्यांचं पातेलं बाहेर येऊ दे, आणणारं कुणीही असो. तुम्ही भावाच्या शेजारची जागा सोडू नका.

एक उंडा जास्तीचा उकडा, म्हणजे चाराऐवजी पाच. तो कापू नका, तळू नका. भाऊ निघताना तसाच डब्यात घालून द्या, आणि दुसऱ्याच दिवशी परतून खा म्हणून वहिनीला सांगा.